आत्मवंचना : स्वरूप, कार्यपद्धती आणि आत्मपरीक्षणाच्या मर्यादा

प्रस्तावना

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ के. पॅट्रिशिया क्रॉस यांनी १९७७ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातील अध्यापकांच्या स्वयंमूल्यमापनाविषयीची पाहणी प्रसिद्ध केली. आपले अध्यापन इतरांच्या तुलनेत कसे आहे, असा साधा प्रश्न त्यांना विचारण्यात आला होता. ९४ टक्के अध्यापकांनी स्वतःला सरासरीपेक्षा सरस ठरविले. ६८ टक्के अध्यापकांनी तर आपली गणना सर्वोत्तम चतुर्थांशात केली. चतुर्थांशात शंभरापैकी पंचवीसच मावतात, हे या अध्यापकांना ठाऊक नव्हते असे नाही. त्यांच्यात गणिताचे आणि संख्याशास्त्राचे जाणकारही असणारच. तसेच ते खोटे बोलत होते, असेही म्हणता येत नाही. आपण जे लिहीत आहोत ते खरे आहे, असेच त्यांतील बहुतेकांना वाटत असावे. या घटनेचे मर्म नेमके येथे आहे. असत्य सांगणारा आणि त्यावर विश्वास ठेवणारा अशा दोन्ही भूमिका जेव्हा एकच व्यक्ती पार पाडते, तेव्हा त्या अवस्थेला ‘आत्मवंचना’ असे म्हणतात.

आत्मवंचनेचे स्वरूप काय, ती मनात कशी घडते आणि प्रामाणिक आत्मपरीक्षणाला मनुष्य विरोध का करतो, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. आत्मवंचनेची किंमत बहुधा ती करणारा मोजत नाही. ती दुसऱ्या आणि दुर्बळ व्यक्तीला मोजावी लागते. म्हणून आत्मपरीक्षण ही एकट्याने करावयाची साधना न राहता त्यात दुसऱ्याच्या साक्षीला स्थान असले पाहिजे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. संकल्पना आणि तिच्यातील कोडे

दंभ आणि आत्मवंचना यांत फरक आहे. दांभिक मनुष्याला सत्य माहीत असते; तो ते जगापासून लपवितो. आत्मवंचक ते स्वतःपासून लपवितो. अज्ञान आणि आत्मवंचना यांतही फरक आहे. अज्ञानी मनुष्याला पुरावा मिळालेला नसतो. आत्मवंचकासमोर पुरावा असतो, परंतु त्याची नजर त्यावर ठरत नाही.

येथे एक तात्त्विक कोडे उभे राहते. फसविणाऱ्याला सत्य माहीत असावे लागते आणि फसणाऱ्याला ते माहीत नसावे लागते. मग एकाच मनात या दोन अवस्था एकत्र कशा नांदतील? फ्रॉईड यांनी मनाचे जाणीव आणि नेणीव असे भाग कल्पून याचे उत्तर दिले. ज्यां-पॉल सार्त्र यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बीइंग अँड नथिंगनेस’ या ग्रंथात त्यावर आक्षेप घेतला. नकोसे सत्य दडपणारा जो पहारेकरी मनात कल्पिला आहे, त्याला काय दडपायचे हे आधी ओळखावेच लागेल; म्हणजे कोडे सुटले नाही, केवळ एक पायरी मागे सरकले, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता.

अलीकडच्या काळात अमेरिकी तत्त्वज्ञ अल्फ्रेड मेले यांनी २००१ मधील आपल्या ग्रंथात वेगळी दिशा सुचविली. त्यांच्या मते आत्मवंचनेसाठी फसविण्याचा हेतू असण्याची गरज नाही. एखादी गोष्ट खरी असावी अशी तीव्र इच्छा असली की, पुरावा गोळा करण्याची आणि तोलण्याची पद्धतच त्या इच्छेकडे झुकते. मनात कोणी कपटी पहारेकरी बसलेला नसतो. तराजूच थोडा कललेला असतो. हे स्पष्टीकरण प्रायोगिक मानसशास्त्रातील निष्कर्षांशी अधिक जुळते.

२. आत्मवंचना कशी घडते?

कललेला तराजू म्हणजे काय, हे पीटर डिटो आणि डेव्हिड लोपेझ यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातून स्पष्ट होते. सहभागी विद्यार्थ्यांना लाळेत बुडवून पाहण्यासाठी कागदाची एक पट्टी देण्यात आली. तिच्या रंगावरून शरीरातील एका विकराची स्थिती समजते आणि त्या विकराच्या अभावाचा स्वादुपिंडाच्या विकारांशी संबंध असतो, असे त्यांना सांगितले गेले. प्रत्यक्षात ती साधी पट्टी होती. तिचा रंग बदलणारच नव्हता. रंग न बदलणे हे प्रकृती उत्तम असल्याचे लक्षण आहे, असे ज्यांना सांगितले होते त्यांनी थोडाच वेळ थांबून चाचणी संपविली. ज्यांना तेच लक्षण धोक्याचे म्हणून सांगितले होते, ते अधिक वेळ थांबले आणि त्यांच्यात चाचणी पुन्हा करून पाहण्याचे प्रमाणही अधिक आढळले.

यात कोणीही खोटे बोलले नाही. उलट, दुसरा गट वरकरणी अधिक चिकित्सक वाटतो. परंतु त्याची चिकित्सा केवळ अप्रिय निष्कर्षापुरतीच जागी झाली होती. प्रिय गोष्ट मानण्यास एक पुरावा पुरतो. अप्रिय गोष्ट मानण्यास दहा अपुरे पडतात. विद्यार्थ्यांचा अनुकूल अभिप्राय आला की तो त्यांच्या गुणग्राहकतेची खूण ठरतो. प्रतिकूल अभिप्राय आला की प्रश्नावलीची रचना, नमुन्याचा आकार आणि विद्यार्थ्यांची अनुपस्थिती हे सारे मुद्दे एकदम आठवतात. ते मुद्दे चुकीचे असतातच असे नाही. मात्र अनुकूल अभिप्रायाच्या वेळी ते का सुचले नाहीत, हा खरा प्रश्न आहे. ‘आपला तो बाळ्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ ही म्हण मराठी माणसाने नातेवाइकांविषयी रचली. तीच स्वतःच्या मतांनाही तंतोतंत लागू पडते.

या झुकावामागील प्रेरणा लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या बोधात्मक विसंगतीच्या सिद्धान्तातून समजते. परस्परांशी न जुळणाऱ्या दोन जाणिवा एकाच वेळी बाळगणे मनाला असह्य होते आणि ते ही विसंगती कमी करण्याचा मार्ग शोधते. ‘मी सज्जन व कुशल आहे’ आणि ‘माझ्या हातून अपाय झाला’ या दोन जाणिवा समोरासमोर आल्या, तर पहिली सोडणे अत्यंत क्लेशदायक असते. म्हणून बहुधा दुसरीचाच अर्थ बदलला जातो. अपाय झालाच नाही, झाला असल्यास तो अटळ होता, अटळ नसल्यास त्याला दुसरा कोणी जबाबदार होता, अशी समर्थनाची मालिका तयार होते.

३. व्हिएन्नातील प्रसूतिगृह : एक ऐतिहासिक उदाहरण

ही मालिका व्यक्तीच्या मनातून बाहेर पडून संपूर्ण व्यवसायाची भूमिका कशी बनते, याचे वैद्यकाच्या इतिहासातील ठळक उदाहरण इग्नाझ सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टरांच्या अनुभवात सापडते. १८४६ मध्ये ते व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील प्रसूतिविभागात साहाय्यक म्हणून रुजू झाले. तेथे दोन कक्ष होते. पहिल्या कक्षात डॉक्टर व वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत, तर दुसऱ्यात सुईणींचे प्रशिक्षण चाले. १८४६ मध्ये पहिल्या कक्षातील मातांच्या मृत्यूचे प्रमाण ११ टक्क्यांहून अधिक होते. दुसऱ्या कक्षात ते ३ टक्क्यांच्या आत होते. बहुतेक मृत्यू सूतिकाज्वराने होत.

या फरकाची अनेक कारणे सांगितली जात. वातावरणातील दूषित प्रभाव, कक्षातील दाटी, स्त्रियांच्या मनातील भीती ही त्यांपैकी काही. सेमेलवाइस यांनी ती एकेक करून तपासली. दोन्ही कक्षांचे वातावरण एकच होते आणि दाटी दुसऱ्या कक्षात अधिक होती. मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही प्राध्यापक याकोब कोलेट्श्का यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हातातील शस्त्र त्यांच्या बोटाला लागले होते. त्यांच्या शवात आढळलेली लक्षणे मृत मातांच्या शवातील लक्षणांसारखीच होती. त्यावरून सेमेलवाइस यांनी अनुमान काढले की, शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांवाटे घातक द्रव्य मातांच्या शरीरात जात असावे. सुईणी शवविच्छेदन करीत नसत. मे १८४७ मध्ये त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये सुमारे १८ टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आले.

तरीही हा निष्कर्ष तत्कालीन वैद्यकविश्वाने सहजासहजी स्वीकारला नाही. त्याची सर्व कारणे आत्मवंचनेत शोधणे अन्यायाचे ठरेल. जंतुसिद्धान्त तेव्हा प्रस्थापित झालेला नव्हता. सेमेलवाइस यांनी आपले विवेचन ग्रंथरूपाने १८६१ मध्ये, म्हणजे फार उशिरा, प्रसिद्ध केले आणि टीकाकारांशी त्यांची भाषा कठोर होती. प्रामाणिक मतभेदालाही तेथे जागा होती. परंतु आकडे समोर असतानाही हात धुण्यासारखा साधा उपाय करून पाहण्यास जो विरोध झाला, त्याचे स्पष्टीकरण केवळ शास्त्रीय मतभेदाने पुरते होत नाही. वातावरणाला दोष दिला तर डॉक्टर निर्दोष राहत होते. हाताला दोष दिला तर मागील प्रत्येक मृत्यूचा हिशेब द्यावा लागत होता.

तो हिशेब किती जड होता, हे सत्य मान्य करणाऱ्यांच्या आयुष्यावरून दिसते. स्वतः सेमेलवाइस यांनी नमूद केले आहे की, आपण इतर प्रसूतितज्ज्ञांपेक्षा अधिक शवविच्छेदने केली आणि आपल्यामुळे किती स्त्रिया अकाली मृत्यू पावल्या हे ईश्वरालाच ठाऊक. जर्मनीतील कील येथील प्रसूतितज्ज्ञ गुस्टाव मिखाएलिस यांनी हा सिद्धान्त लवकर स्वीकारला. त्यांनी प्रसूती केलेली त्यांच्या नात्यातील एक स्त्री सूतिकाज्वराने मरण पावली होती. अपराधभावनेने खचून त्यांनी १८४८ मध्ये आत्महत्या केली. आत्मपरीक्षणाला होणारा विरोध हा केवळ आळस किंवा अहंकार नसतो. पुष्कळदा ती सहन न होणाऱ्या दुःखापासून स्वतःला वाचविण्याची धडपड असते, हे लक्षात घेतल्याविना या विषयाला न्याय मिळत नाही.

या प्रकरणातील आणखी एक बाब विशेष महत्त्वाची आहे. पहिल्या कक्षात आपल्याला दाखल करू नये म्हणून गरोदर स्त्रिया अक्षरशः हातापाया पडत, असे सेमेलवाइस यांनीच लिहून ठेवले आहे. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. तथापि त्या कक्षात काहीतरी भयंकर चुकते आहे, हे शहरातील गरीब स्त्रियांना माहीत होते. ज्यांना किंमत मोजावी लागत होती त्यांना वस्तुस्थितीची जाणीव होती. मात्र त्यांच्या भीतीकडे कोणी पुरावा म्हणून पाहिले नाही. उलट, ती भीतीच मृत्यूचे कारण म्हणून सांगितली गेली.

४. अंतर्निरीक्षण अपुरे का पडते?

आत्मवंचनेवर उपाय म्हणून ‘अंतर्मुख व्हावे’ असा उपदेश सर्वत्र केला जातो. परंतु ज्या मनाने तपासायचे तेच मन झुकलेले असेल, तर केवळ आत पाहून काय साधणार? रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७ मधील शोधनिबंधात एक उदाहरण दिले आहे. दुकानातील ग्राहकांसमोर पायमोज्यांचे चार जोड मांडून त्यांतील उत्तम जोड निवडण्यास सांगितले होते. चारही जोड एकसारखेच होते. सर्वाधिक ग्राहकांचा कल उजवीकडच्या टोकाच्या जोडाकडे दिसला. मात्र कारण विचारता त्यांनी मालाची प्रत सांगितली. जागेचा परिणाम झाला असेल काय, असे विचारल्यावर जवळजवळ सर्वांनी ते नाकारले. आपल्या निवडीचे कारण म्हणून मन जे सांगते, ते अनेकदा कारण नसून मागाहून रचलेले स्पष्टीकरण असते.

एमिली प्रोनिन, डॅनियल लिन आणि ली रॉस यांनी २००२ मध्ये यापुढचा निष्कर्ष मांडला. इतरांच्या तुलनेत आपण पूर्वग्रहांपासून अधिक मुक्त आहोत, असे बहुतेकांना वाटते. याचे एक कारण असे की, दुसऱ्याला आपण त्याच्या कृतीवरून जोखतो आणि स्वतःला मात्र हेतूवरून. आत डोकावले की चांगला हेतू दिसतो. तो दिसला की तपासणी संपते. म्हणजेच अंतर्निरीक्षण काही वेळा आत्मवंचना दूर करण्याऐवजी तिला प्रमाणपत्र देते. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते आणि स्वतःच्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही, याचे कारण मुसळ लहान असते असे नव्हे. पाहणारा डोळाच तो असतो.

विद्वत्तेमुळे हा दोष दूर होईल, अशी अपेक्षाही फोल ठरते. रिचर्ड वेस्ट, रसेल मेझर्व आणि कीथ स्टॅनोविच यांच्या २०१२ मधील अभ्यासात बौद्धिक क्षमता अधिक असलेल्या व्यक्तींमध्ये स्वतःचे पूर्वग्रह न दिसण्याची प्रवृत्ती कमी असल्याचे आढळले नाही. तीक्ष्ण बुद्धीला समर्थनेही अधिक चांगली सुचतात. मराठी परंपरेला हे अपरिचित नव्हते. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणे सांगितल्यावर त्याच दशकाच्या दहाव्या समासात ‘पढतमूर्खा’ची लक्षणे स्वतंत्रपणे दिली. शिकलेल्या माणसाच्या मूर्खपणाला वेगळे प्रकरण द्यावे लागते, हीच त्यातील मार्मिक गोष्ट आहे.

५. उपयुक्त भ्रमाचा युक्तिवाद

थोडी आत्मवंचना मनुष्याला उपकारक असते, असाही एक पक्ष आहे. शेली टेलर आणि जोनाथन ब्राऊन यांनी १९८८ मध्ये असे मांडले की, स्वतःविषयी काहीसा वाढीव चांगला समज आणि भविष्याविषयी आशावाद ही निरोगी मनाचीच लक्षणे आहेत. उत्क्रांतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७६ मध्ये, रिचर्ड डॉकिन्स यांच्या ‘द सेल्फिश जीन’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, वेगळाच तर्क मांडला. जो स्वतःच फसलेला आहे त्याच्या वर्तनात लबाडीच्या खुणा दिसत नाहीत. त्यामुळे तो इतरांना अधिक यशस्वीपणे फसवू शकतो.

या युक्तिवादांत तथ्य आहे. दुर्धर आजाराशी झुंजणाऱ्या रुग्णाचा अवास्तव आशावाद हिरावून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु तेथे भ्रमाचा लाभ आणि त्याची हानी या दोन्ही गोष्टी मुख्यतः त्याच व्यक्तीच्या वाट्याला येतात. डॉक्टर, न्यायाधीश, प्रशासक किंवा अध्यापक यांच्या आत्मवंचनेत मात्र लाभ एकाचा आणि हानी दुसऱ्याची अशी विभागणी होते. समाधान अध्यापकाला मिळते. न समजलेला विषय विद्यार्थी घेऊन जातो. म्हणून भ्रम सुखद आहे काय, यापेक्षा त्याची किंमत कोण मोजतो, हा निकष अधिक योग्य ठरतो.

६. साक्षीची आवश्यकता

आत्मपरीक्षणाची भारतीय परंपरा समृद्ध आहे. जैन परंपरेतील प्रतिक्रमणात आपल्या दोषांचे नियमित स्मरण व त्यांपासून परत फिरणे अभिप्रेत आहे. बौद्ध संघातील ‘पवारणा’ हा विधी या विवेचनाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्षू संघापुढे विनंती करतो की, माझ्या वर्तनात कोणाला काही दोष दिसला असेल, ऐकिवात आला असेल किंवा त्याची शंका आली असेल, तर करुणाबुद्धीने तो मला सांगावा. विनंतीचा प्रारंभ ज्येष्ठ भिक्षूपासून होतो. स्वतः बुद्धांनीही संघाला अशी विनंती केल्याचे पाली साहित्यात नमूद आहे.

या विधीच्या रचनेत तीन गोष्टी सामावल्या आहेत. दोष शोधण्याचे काम एकट्यावर सोडलेले नाही. केवळ सिद्ध झालेले दोष नव्हे, तर शंकासुद्धा सांगण्याची मुभा आहे. आणि सुरुवात ज्येष्ठाने करावयाची असल्याने कनिष्ठाला बोलणे सोपे जाते. व्हिएन्नाच्या रुग्णालयात नेमक्या याच गोष्टींचा अभाव होता. संतांनी निंदकाला उपकारकर्ता मानले, त्यामागेही हीच दृष्टी आहे.

आधुनिक विज्ञानाची कार्यपद्धतीही संशोधकाच्या प्रामाणिकपणावर विसंबून राहत नाही. औषधांच्या चाचणीत कोणाला खरे औषध दिले हे रुग्ण आणि डॉक्टर या दोघांपासूनही लपविले जाते. शोधनिबंधाचे परीक्षण अनोळखी तज्ज्ञांकडे सोपविले जाते. चार्ल्स डार्विन यांनी आत्मचरित्रात आपली एक सवय नोंदविली आहे. आपल्या निष्कर्षांविरुद्ध जाणारी वस्तुस्थिती आढळताच ते ती ताबडतोब लिहून ठेवीत. कारण अशा गोष्टी अनुकूल गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. या सर्व पद्धतींचे सूत्र एकच आहे. मन झुकणार हे गृहीत धरून त्याच्या बाहेर एक आधार उभा करावयाचा.

७. महाविद्यालयीन संदर्भ

उच्च शिक्षणात आत्मपरीक्षण आता व्यवस्थेचाच भाग आहे. १९९४ मध्ये ‘नॅक’ची स्थापना झाल्यापासून महाविद्यालये स्वयंअध्ययन अहवाल तयार करीत आली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या स्वयंमूल्यमापनाला ‘एपीआय’ गुणांची जोड दिली. २०१८ च्या विनियमांत ही पद्धत बदलण्यात आली. या व्यवस्थांमुळे नोंदी ठेवण्याची शिस्त आली, हे मान्य केले पाहिजे. तथापि ज्या कागदावर पदोन्नती किंवा श्रेणी अवलंबून असते, त्या कागदावर मनुष्य आपले परीक्षण करीत नाही, वकिली करतो. अहवालातील ‘उणिवा’ या शीर्षकाखाली रिक्त पदे, निधीची कमतरता आणि विद्यार्थ्यांची कच्ची पूर्वतयारी यांचीच नोंद पुष्कळदा आढळते. या अडचणी खऱ्या आहेत, यात शंका नाही. परंतु त्या सर्व इतरांच्या आहेत. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ या म्हणीत अंगण खरोखरच वाकडे असण्याची शक्यता नाकारलेली नाही. नाचता येते की नाही हा प्रश्न तरीही उरतो.

यावर काही साधे उपाय संभवतात. एक, सत्राच्या मध्यावर विद्यार्थ्यांकडून निनावी अभिप्राय घ्यावा. तो केवळ संबंधित अध्यापकाने वाचावा आणि त्याचा पदोन्नतीशी संबंध नसावा. दोन, त्यात ‘अध्यापन कसे वाटले’ यापेक्षा ‘कोणता भाग समजला नाही’ असा निश्चित प्रश्न असावा; अशा उत्तरात अध्यापकाची स्तुती किंवा निंदा नसते, त्यामुळे ते स्वीकारणे सोपे जाते. तीन, परीक्षेपूर्वी किती विद्यार्थी कोणता प्रश्न सोडवू शकतील याचा अंदाज अध्यापकाने लिहून ठेवावा आणि निकालाशी ताडून पाहावा. लिहिलेला अंदाज मागाहून बदलता येत नाही. चार, सहकाऱ्यांनी परस्परांच्या तासाला बसण्याची प्रथा सुरू करावी आणि तिचा आरंभ विभागप्रमुखाच्या तासापासून व्हावा.

अर्थात, दोष मान्य करणाऱ्याला शिक्षा होत असेल तर हे सर्व उपाय कागदावरच राहतील. मिखाएलिस यांचे उदाहरण येथे पुन्हा स्मरावे लागते. सत्य सांगण्याची व्यवस्था करताना ते सत्य पेलण्याचे बळ देणारी माणसेही भोवती असावी लागतात.

समारोप

आत्मवंचना हा काही मोजक्या दुर्बळ मनांचा दोष नसून मानवी विचारप्रक्रियेचा सर्वसाधारण कल आहे. ती खोटे बोलून घडत नाही. अनुकूल पुराव्याजवळ लवकर थांबून आणि प्रतिकूल पुराव्याशी दीर्घकाळ वाद घालून घडते. बुद्धी आणि विद्वत्ता तिला आवर घालतीलच असे नाही. केवळ अंतर्निरीक्षणाने ती उघड होत नाही, कारण आत पाहिल्यावर मनुष्याला आपला हेतू दिसतो, परिणाम दिसत नाही. परिणाम ज्याच्यावर होतो त्याला तो दिसत असतो. व्हिएन्नातील स्त्रियांना तो दिसला होता. वर्गातील शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्यालाही तो दिसतो. त्याला विचारणे, त्याचे उत्तर ऐकून घेणे आणि ते पुरावा म्हणून स्वीकारणे, येथूनच प्रामाणिक आत्मपरीक्षणाला प्रारंभ होतो.